चांद्याचा तट आणि जुन्या संगणकाची ठिगळे

वाचकहो, आपण कधी चंद्रपूरला आला असाल तर जटपुरा दरवाजाखालून गेलाच असाल. गाडीवाला, शाळेतले पोर, भाजीची टोपली घेतलेली बाई, सगळे त्याच्याखालून रोज जातात. मान वर करून दरवाजावरचा हत्ती आणि त्यावर चढलेला सिंह पाहायला कोणाला सवड नसते. तट आहे, दरवाजा आहे, तो तिथेच राहणार आहे, असे आपण धरून चालतो.

इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाशी गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने हे शहर वसवले आणि त्याभोवती तट घालण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. तट पुरा होण्यास पुढच्या कित्येक पिढ्या लागल्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे झाले, त्याखेरीज लहान खिडक्या झाल्या. १७५१ साली चांदा नागपूरकर रघुजी भोसल्यांकडे गेले, पण तट होता तसाच राहिला. पुढे १८१८ साल उजाडले. दुसरा बाजीराव चांद्याच्या आश्रयाला निघाला होता. एप्रिल महिन्यात कर्नल अॅडम्सने त्याला पांढरकवड्याजवळ गाठून पिटाळले आणि मे महिन्यात आपली फौज चांद्याकडे वळवली. तोफा लागल्या, तटाला खिंडार पडले, त्या खिंडारातून फौज आत घुसली. किल्लेदार गंगासिंग लढता लढता कामास आला.

आता यात कोणाच्या शौर्याला बोल लावण्याचे कारण नाही. तट ज्या काळी बांधला त्या काळचा शत्रू घोड्यावरून, भाले-तरवारी घेऊन येणारा होता. १८१८ चा शत्रू तोफा घेऊन आला. तट जागच्या जागी होता, शत्रूची रीत मात्र बदलली होती.

‘अहो, पण तुम्ही तर संगणकावर बोलणार होतात ना?’ असे आपण म्हणाल. मी संगणकावरच बोलतो आहे. मी इतिहासाचा शिक्षक. यंत्राची विद्या माझी नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांतून, ग्रामपंचायतींतून आणि सेवा केंद्रांतून जुने संगणक पाहिले, की मला दर वेळी हा तट आठवतो. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, टंकलेखन होते, छपाई होते. म्हणून ते ठीक आहे असे आपण समजतो. आत तटाला भेग पडलेली असते आणि ती बुजवण्याचे सामान वर्षानुवर्षे दारापर्यंत येऊन परत गेलेले असते.

हे सामान म्हणजे सुरक्षा अपडेट. ते का येते, आले तरी जुन्या यंत्रात का बसत नाही आणि बसले नाही तर आपले काय जाते, याची हकिकत आज सांगायची आहे.

संगणक ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. ती कोट्यवधी ओळींची लिहिलेली असते आणि माणसांनीच लिहिलेली असल्यामुळे तीत चुका राहतात. त्यांतल्या काही चुका अशा असतात, की त्यांतून परक्या माणसाला दूरवरून आत शिरता येते. अशी चूक उघडकीस आली म्हणजे कंपनी तेवढ्यापुरती दुरुस्ती तयार करून पाठवते. तिला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. हा शब्द उगाच आलेला नाही. पूर्वी आज्ञा कागदी पट्ट्यांवर भोके पाडून लिहीत. चुकीचे भोक पडले तर त्यावर खरोखरच कागदाचे ठिगळ चिकटवून ते बुजवीत. कागदी पट्ट्या गेल्या, नाव राहिले.

१९९८ च्या विंडोज ९८ बरोबर ही ठिगळे घरबसल्या इंटरनेटवरून घेण्याची सोय रुळू लागली. परंतु त्या वेळी ती घ्यावी की न घ्यावी, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते, आणि बहुतेकांची मर्जी ‘नंतर पाहू’ अशीच असे. याचा हिशेब २००३ साली चुकता झाला. त्या वर्षी २५ जानेवारीला स्लॅमर नावाचा एक कृमी जगभर पसरला. तो ज्या भेगेतून शिरला तिचे ठिगळ जुलै २००२ मध्येच निघालेले होते, म्हणजे सहा महिने आधी. त्याच वर्षी ११ ऑगस्टला ब्लास्टर आला. त्याचे ठिगळ १६ जुलैला निघाले होते, म्हणजे २६ दिवस आधी. दोन्ही वेळी औषध बाजारात होते. ते रोग्याच्या पोटात गेले नव्हते, इतकेच.

यानंतर कंपनीने दोन गोष्टी केल्या. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे काढण्याचा नेम ठेवला. तिकडच्या सकाळी ती निघतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणून आपल्यापुरता तो दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार समजावा. दुसरी गोष्ट अशी, की ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीसाठी ‘सर्व्हिस पॅक २’ काढला. त्याने यंत्राची पहारेकरी भिंत, म्हणजे फायरवॉल, आपोआप चालू ठेवण्याची पद्धत आणली आणि आपोआप अपडेट घेण्याचा आग्रह धरला.

नेम झाला, तरी भेग आणि ठिगळ यांच्यामधला काळ काही मिटला नाही. मोठा दाखला २०१७ चा. त्या वर्षी १४ मार्चला, दुसऱ्याच मंगळवारी, कंपनीने एक ठिगळ काढले. संगणक एकमेकांत फायली वाटून घेतात त्या सोयीतली ती भेग होती. अमेरिकेच्या एका गुप्तहेर खात्याला ती आधीपासून ठाऊक होती आणि तिच्यातून शिरण्याचे हत्यारही त्या खात्याने करून ठेवले होते. १४ एप्रिलला ते हत्यार चोरट्यांनी जगासमोर उघडे टाकले. पुढे १२ मे, शुक्रवार, या दिवशी वॉनाक्राय नावाचा विषाणू त्याच हत्याराने जगात शिरला. ठिगळ निघाल्याला तेव्हा ५९ दिवस झाले होते.

वॉनाक्राय यंत्रातल्या फायलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. थोड्याच दिवसांत सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. आपल्या देशात आंध्र प्रदेशात पोलिसांच्या काही संगणकांना त्याची बाधा झाली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा विषाणू सुटला. त्याच्या हत्यारांतही हीच भेग होती. त्याने मर्स्क कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पाडली, आणि आपल्या महाराष्ट्रात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या गोदीचे काम अडकून पडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉनाक्रायने फक्त पुराण्या एक्सपीची यंत्रे गाठली, असे पुष्कळजण सांगतात. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती, हे खरे. परंतु वॉनाक्रायने गाठलेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती, आणि त्यांच्यासाठी ठिगळ तयार होते, फुकट होते, दोन महिने दारात उभे होते.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो त्याला एक घरचे कारण आहे. मी काही वर्षे वैनगंगेपलीकडच्या गावांत हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून जुन्या हकिकती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जमीनदाऱ्यांचा काळ, जंगलाचे नवे कायदे आले तेव्हाचे दिवस, गोटुलातल्या रात्री, पुरात वाहून गेलेली गावे, असे पुष्कळ त्यांत होते. ही मुद्रणे एका संस्थेच्या विंडोज ७ च्या संगणकावर ठेवलेली होती. त्या यंत्रावरचे अपडेट बंद करून टाकलेले होते, कारण ‘ते नेटचा सगळा पॅक खाते’. मीच त्याला मान डोलावली होती. २०१७ चा उन्हाळा गेला. आमच्याकडे मे महिना म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. संस्था बंद, यंत्र बंद. जूनमध्ये दार उघडले, यंत्र लावले, नेट जोडले, आणि काही दिवसांतच एका सकाळी प्रत्येक फायलीच्या नावाला एक परके शेपूट लागलेले दिसले. पडद्यावर पैशांची मागणी. ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत नव्हती.

त्यातली काही माणसे मी पुन्हा भेटून बोलती केली. तीन माणसे मात्र तोवर वारली होती. त्यांचे आवाज गेले ते गेले. माणूस गेल्याचे दुःख एक असते. त्याने मागे ठेवलेले आपल्या हातून गेले, हे दुःख निराळे असते. दोष कोणाचा? विषाणू सोडणाऱ्याचा तर खराच. पण ५९ दिवस दारात उभ्या असलेल्या माणसाला आत न घेणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. २०१९ च्या दिवाळीनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. म्हणाला, “सर, शाळेचा एक जुना कॉम्प्युटर आहे. मुलांचे सगळे दाखले, शिष्यवृत्तीच्या याद्या त्याच्यात आहेत. अपडेट दाबले की चूकच दाखवतो. मागे कोणीतरी कंटाळून तपासणीच बंद करून ठेवली आहे. काय करू?”

मी गेलो. यंत्र विंडोज ७ चे. आधी उजव्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले, तर तिथे १ जानेवारी २००९. शाळेचे शिपाई मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “सर, ते तं रोज सकाळी असंच मागं जाते जी. आमाले वाटलं, तारखेचा अन् अपडेटचा काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो आम्हां इतिहासवाल्यांना चटकन कळावा असा आहे. जुना कागद हाती आला की आम्ही प्रथम त्याची मिती पाहतो आणि मग शिक्का-मोर्तब पाहतो. संगणकही तेच करतो. कंपनीकडून आलेल्या प्रत्येक अपडेटवर कंपनीची मोहर असते, आणि ती मोहर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंतच चालते. यंत्राचे घड्याळ २००९ सालात असेल, तर २०१९ ची मोहर त्याला अजून जन्मालाच न आलेली वाटते. मग ते खऱ्या जासुदालाही खोटा ठरवून परत पाठवते. संगणकाच्या आत, मुख्य पाटीवर, नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्यावर चालते. तो संपला की तारीख मागे जाते. तालुक्याच्या गावी घड्याळाच्या दुकानात तो सेल मिळाला. तारीख ठीक झाली.

तरी अपडेट घेईना. कारण दुसरे निघाले. या यंत्रात विंडोज ७ ची पहिलीच आवृत्ती होती. २०११ साली निघालेला ‘सर्व्हिस पॅक १’ तीत बसवलेलाच नव्हता, आणि तो नसलेल्या विंडोज ७ ला एप्रिल २०१३ नंतर सुरक्षा अपडेट मिळणे बंद झालेले होते. सहा-साडेसहा वर्षांचा खंड! हा पॅक पाचशे एमबीहून मोठा. तो मी चंद्रपूरला कंपनीच्या स्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर नेला.

त्यानंतरही एक तिसरी अडचण उरली, आणि ती त्या वर्षापुरती नवी होती. अपडेटवरची जी मोहर सांगितली, ती तयार करण्याची जुनी रीत एसएचए-१ या नावाने ओळखली जाते. २०१७ च्या फेब्रुवारीत गूगल आणि अॅमस्टरडॅमची एक संशोधनसंस्था यांनी त्या रीतीला फसवता येते हे प्रत्यक्ष करून दाखवले. मोहरेची नक्कल होऊ लागली तर सरकार काय करील? नवी मोहर पाडील. कंपनीने तेच केले. २०१९ च्या ऑगस्टपासून विंडोज ७ ची अपडेट केवळ एसएचए-२ या नव्या मोहरेने येऊ लागली. आता पंचाईत अशी, की जुन्या यंत्राला नवी मोहर ओळखताच येत नाही. दारावरचा पहारेकरी प्रामाणिक आहे, पण त्याला नवा शिक्का कोणी दाखवलेला नाही. तेव्हा त्याला आधी शिक्का ओळखायला शिकवावे लागते. त्यासाठी दोन लहान अपडेट हाताने बसवावी लागतात. आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९. हा क्रम चुकवू नये. ती बसवली, यंत्र बंद करून पुन्हा लावले, आणि मग राहिलेली ठिगळे येऊ लागली. त्या गावी मोबाइलच्या नेटवर ती यायला दोन दिवस लागले. शिपाई मामा रात्री उठून पाहत होते, “अजून येऊन राहिले का जी?” म्हणून.

त्या एका यंत्रात तीन वेगवेगळी कारणे एकाखाली एक दडलेली होती. एक काढल्याशिवाय दुसरे दिसत नव्हते. म्हणून शिक्षकबंधूंनी व भगिनींनी पहिल्या चुकीपाशी थांबून ‘यंत्र जुने झाले’ असे म्हणू नये. आपल्या शाळेतल्या यंत्राला क्रमाने पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, तू कोण? कळफलकावरची विंडोजची कळ आणि आर ही कळ एकदम दाबावी, येणाऱ्या चौकटीत विनव्हर हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकून एंटर करावे. आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा.

दुसरा प्रश्न, आज तारीख काय? चुकीची असेल तर सेल बदलावा.

तिसरा प्रश्न, तुला शेवटचे अपडेट कधी मिळाले? ‘आपण अद्ययावत आहात’ हे पडद्यावरचे वाक्य पुरावा म्हणून धरू नये. त्याचा अर्थ इतकाच, की यंत्राने मागे कधी तरी विचारले तेव्हा त्याच्या आवृत्तीसाठी नवे काही मिळाले नाही. आवृत्तीच मुदतबाह्य असेल तर काही मिळणार नाही हे उघड आहे. अपडेटच्या इतिहासाची यादी उघडून शेवटची तारीख स्वतः पाहावी. दप्तर पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा आमचा नियम येथेही चालतो.

चौथा प्रश्न, आत येणाऱ्याला कोण अडवतो? येथे कारणे पुष्कळ, आणि ती बहुतेक माणसांनीच केलेली असतात. कोणी मेकॅनिकने चोरटी प्रत टाकून अपडेटची सेवाच बंद केलेली असते. कोठे डिस्कमध्ये जागाच उरलेली नसते. आपल्याकडे नेट बहुधा मोबाइलवरून घेतात, तेव्हा विंडोज १० मध्ये त्या जोडणीला ‘मोजून वापरायची’ असे ठरवून ठेवलेले असते. मग बहुतेक अपडेट उतरतच नाहीत. यावर उपाय सोपा आहे. महिन्यातून एक दिवस तालुक्याला, चांगल्या नेटवर, ती खूण काढून यंत्र जोडावे. शाळांच्या प्रयोगशाळांत आणखी एक गंमत आढळते. मुलांनी काही बिघडवू नये म्हणून यंत्र दर वेळी सुरू होताना पूर्वस्थितीला जावे, अशी योजना केलेली असते. ती योजना मुलांच्या खोड्यांबरोबर अपडेटही पुसून टाकते. रात्री बसवलेले ठिगळ सकाळी नाहीसे! अशा ठिकाणी ती योजना तात्पुरती थांबवून अपडेट घ्यावे आणि मग ती पुन्हा लावावी. कधी अर्धवट उतरलेल्या फायलींचा साठाच खराब होतो. तो विंडोजच्या घडीत सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन नावाच्या फोल्डरात असतो. अपडेटची सेवा थांबवून त्या फोल्डरचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी, म्हणजे यंत्र नवा साठा करते.

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण: तुला ठिगळ देणारा कोणी उरला आहे का? एक्सपीचे २०१४ साली सांगितलेच. विंडोज ७ चे फुकट अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी संपले, आणि पैसे भरून मिळणारी मुदतही जानेवारी २०२३ मध्ये संपली. विंडोज ८.१ त्याच महिन्यात गेले. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्या शेवटच्या, म्हणजे २२एच२ या आवृत्तीला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी करून मिळतील असे कंपनीने ठरवले. शिक्षणसंस्थांसाठी पहिल्या वर्षाला यंत्रामागे एक डॉलर असा दर तिने जाहीर केला. शाळांनी याची चौकशी अवश्य करावी.

आता एक सावधगिरी. आज कोणी विंडोज ७ नव्याने टाकले, तर त्याला अपडेटच्या दाराशी ८००७२ईएफई असा चुकीचा आकडा दिसतो. लोक समजतात नेट गेले. नेट गेलेले नसते. २०२० च्या ऑगस्टपासून जुन्या मोहरेचे दारच कंपनीने बंद केले आहे. कंपनीच्या अपडेट कॅटलॉगमधून वर सांगितलेली दोन अपडेट आणि केबी ३१३८६१२ घेऊन बसवली, तर यंत्राला पुन्हा विचारता येते. पण याने ते जानेवारी २०२० पर्यंतच येऊन पोचते. त्यानंतर सापडलेल्या भेगा उघड्याच राहतात. ‘सगळी अपडेट एका फायलीत’ अशी जाहिरात करणाऱ्या परक्या स्थळांवरून काही एक उतरवू नये. तट दुरुस्त करायला आलेला गवंडीच चोर असण्याचा तो प्रकार होईल.

मग जुन्या यंत्रांचे काय करावे? टाकून द्यावीत, असे मी म्हणणार नाही. आपल्या भागातली शाळा यंत्र मिळायला किती वर्षे वाट पाहते, हे मला ठाऊक आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या त्या यंत्राला फुकट अपडेटचे जेमतेम दोन महिने मिळाले. जानेवारी २०२० नंतर त्याने त्याचे नेट कायमचे काढून टाकले. आता ते टंकलेखनाला आणि मुलांना कळफलक शिकवायला वापरतात. बाहेरचा पेनड्राइव्ह त्याला लावत नाहीत. दुसरा मार्ग मोफत लिनक्सचा. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने बॉस नावाची प्रणाली तयार केलेली आहे. केरळातील सरकारी शाळांनी तर मुक्त प्रणालीवरच संगणकशिक्षण उभे केले. जुन्या यंत्रावर चालणारी हलकी लिनक्स आवृत्ती टाकली, तर त्याच लोखंडाला पुन्हा अपडेट मिळू लागतात. मात्र तीही मुदतीची असते. तिचीही तारीख वहीत लिहावी.

आणि काहीही करण्यापूर्वी, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, फायलींची दुसरी प्रत घ्यावी. ती यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी. वर्षातून दोनदा उघडून पाहावी, की ती उघडते ना. माझ्याकडे ही एक गोष्ट असती, तर ते तीन आवाज आज मी आपणांस ऐकवू शकलो असतो.

२०१७ साल माझ्या मनात दुहेरी राहिले आहे. ज्या वर्षी त्या विषाणूंनी जगाच्या भेगा दाखवल्या, त्याच वर्षी चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी आपल्या तटाच्या स्वच्छतेला हात घातला. शतकाशतकांचा केर साचला होता, दगडांच्या सांध्यांतून झाडे उगवली होती, बुरुज झुडपांनी झाकून गेले होते. झाडाचे मूळ भेगेत शिरले की दगड हळूहळू सरकतो, आणि कोणाला कळत नाही. ही पोरे रोज सकाळी येत, थोडे काम करीत आणि आपापल्या उद्योगाला जात. असे दोनशेहून अधिक दिवस चालले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘मन की बात’मध्ये आकाशवाणीवरूनच या कामाचा उल्लेख झाला, तो आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला असेल.

त्यांनी नवा तट बांधला नाही. होता तो राखला. संगणकाच्या बाबतीत आपले काम त्याहून सोपे आहे, कारण दगड घडवून पाठवणारा दुसरा आहे. जोवर तो पाठवतो आहे तोवर आपण तो वेळेवर बसवायचा, आणि पाठवणे थांबले की ते ओळखून आपले मोलाचे सामान त्या भिंतीआडून हलवायचे. शाळेच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी एक खूण करावी. त्या दिवशी एका शिक्षकाने, हवे तर सातवी-आठवीच्या दोन मुलांना बरोबर घेऊन, अर्धा तास यंत्रापाशी बसावे, पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. पुढे ती वही चाळणाऱ्याला आपल्या शाळेचे यंत्र कोणत्या दिवशी कसे होते ते कळेल, आणि मुलांचे दाखले जागेवर असतील.